कुलगुरूंचा कौल

राज्यसभेवर जायला निघालेला माणूस विक्रोळीच्या टेकडीवर कसा पोचतो, हे कुणाला शिकायचं असेल तर त्याने डॉ. देवव्रत टिपणीस यांना विचारावं. टिपणीस सर पाच वर्षं साष्टी विद्यापीठाचे कुलगुरू होते. शेवटच्या दीक्षान्त समारंभाला पक्षाचे मोठे साहेब पाहुणे म्हणून आले होते, आणि जेवणाच्या वेळी सरांच्या कानाशी लागून म्हणाले होते, "सर, तुमच्यासारखी माणसं राजकारणात यायला हवीत." आता साहेब हे वाक्य जिथे जेवतात तिथे म्हणतात. डॉक्टरांना म्हणतात, पैलवानांना म्हणतात, एकदा तर पुऱ्या गरम मिळाल्या म्हणून केटररलाही म्हणाले होते. सरांनी मात्र ते मनावर घेतलं. पुढे निवृत्ती आली, गाडी गेली, दारातला शिपाई गेला आणि मुलुंडच्या सोसायटीत लिफ्टचं दार स्वतःच्या हाताने ओढायची पाळी आली, तेव्हा ते वाक्य त्यांना दिवसातून दोनदा आठवू लागलं.

आधी राज्यसभेचं बोलणं झालं. मग राज्यसभा भरली, विधान परिषदेचं बघू, असं ठरलं. विधान परिषदेला साहेबांचे साडू निघाले. विधानसभेच्या वेळी "सर, तुम्ही फक्त मार्गदर्शन करा," म्हणून त्यांना सगळ्या सभांना व्यासपीठावर शेवटच्या रांगेत बसवलं, तिथून त्यांना पुढाऱ्यांची डोकी मागून पाहायला मिळाली. शेवटी आली महानगरपालिका. तीही मुलुंडची नाही, कारण मुलुंडचा त्यांचा वॉर्ड सोडतीत महिलांसाठी राखीव झाला. "विक्रोळीचा घ्या, तिथे आपल्याकडून कुणी उभं राहायला तयार नाही," असं पक्षाने मोकळेपणाने सांगितलं. पक्षाला आपल्यावाचून पर्याय उरला नाही, असा सरांनी त्याचा अर्थ लावला.

"लोकशाहीत कुठलंही पद लहान नसतं," ते घरी पद्मजाबाईंना म्हणाले.

"मग आपल्या सोसायटीचं सेक्रेटरीपद घ्या ना," पद्मजाबाई म्हणाल्या. त्या बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि नवऱ्याला त्यांनी आजवर कुठल्याही पदावरून ओळखलं नव्हतं. "तिथे तर बिनविरोध निवडून याल. कुणालाच नकोय ते."

वॉर्डाचा पक्षाध्यक्ष होता शिवदास परब. केबलचा धंदा, गळ्यात दोन फोन, बोलण्यात तिसरा. सरांनी त्याला आपला चार पानी परिचय दिला. त्यातून शिवदासने नेमका एक शब्द उचलला, कारण बॅनरवर वरच्या बाजूला नेत्यांचे फोटो लावल्यावर तेवढीच जागा उरली. 'आपले लाडके कुलगुरु देवव्रतजी'. विद्यापीठाचं नाव गेलं, डॉक्टर गेलं, टिपणीससुद्धा गेलं. फोटो त्याने दीक्षान्त समारंभातला घेतला. त्या वर्षी विद्यापीठाने काळे झगे सोडून भगव्या काठाची उपरणी आणि पगड्या आणल्या होत्या. सर पगडी घालून, उपरणं पांघरून, उजवा हात वर करून उभे होते. खरं तर ते माइकवाल्याला आवाज वाढव म्हणून खुणावत होते.

सरांनी बॅनर पाहिला आणि त्यांचं लक्ष एकाच ठिकाणी गेलं.

"शिवदास, 'कुलगुरू'मधला रू दीर्घ असतो."

"सर, बॅनर दीर्घच आहे. वीस फुटी केलाय."

"अरे, अक्षराबद्दल बोलतोय मी. शब्दाच्या शेवटी आला की दुसरा रू. हा पहिला काढलाय तुम्ही."

"पब्लिक फोटो बघते, सर. टेन्शन नको."

सर हळहळले. या एका 'रू'पायी त्यांनी विद्यापीठ हलवलं होतं. गुणपत्रिका मराठीतून द्यायची हे त्यांचं जुनं स्वप्न. कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षी त्या छापून आल्या, आणि सहीच्या खाली 'कुलगुरु', रु ऱ्हस्व! सरांनी सही करायला साफ नकार दिला. सगळा गठ्ठा परत गेला. नवी निविदा निघाली, शुद्धलेखन समिती बसली, समितीतल्या एका प्राध्यापकाने पाणिनीचा दाखला देऊन ऱ्हस्वाची बाजू घेतली, मग त्या प्राध्यापकावर उपसमिती बसली. तोवर निकाल कपाटात होते. वर्तमानपत्रांनी ओरड केली, विद्यार्थ्यांनी घेराव घातला, पण सर ढळले नाहीत. "मी भाषेशी तडजोड केली नाही," हे वाक्य ते निरोपसमारंभात बोलले होते आणि प्रचाराच्या भाषणातही त्यांनी ते शेवटाकडे ठेवलं होतं.

शेवटाकडे पोचायची वेळ मात्र कधी आली नाही. पहिल्या दिवशी टेकडीच्या पायथ्याला, चहाच्या टपरीसमोर, सरांनी शहरी प्रशासनाच्या विकेंद्रीकरणापासून सुरुवात केली. ऐकायला होते टपरीवाला, त्याचं गिऱ्हाईक आणि रिक्षा बंद पडलेला एक रिक्षावाला. रिक्षा सुरू झाल्यावर तोही गेला. इतक्यात वरून पायऱ्या उतरत एक म्हातारी आली. तिने बॅनरकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि वाकून त्यांच्या पायावर डोकं टेकलं.

"कुलगुरू म्हाराज, आशीर्वाद देवा," ती म्हणाली.

टेकडीवर वस्ती सगळी कोकणातली. आजे गिरणीत होते, नातू कुरिअरमध्ये, मॉलमध्ये, बँकांच्या गेटवर. कुलदैवत माहीत, कुलस्वामिनी माहीत, त्या ओळीत कुलगुरू बसायला कितीसा वेळ लागतो? शिकलेल्या पोरांना अर्थ ठाऊक होता, पण ती प्रचारात यायची वडापावापुरती, आणि घरी आईबापांची चूक दुरुस्त करण्याचा आळस ही काही टेकडीवरचीच खासियत नव्हे.

"हा गैरसमज आहे, तो ताबडतोब दूर केला पाहिजे," सर म्हणाले.

शिवदासच्या डोळ्यांत मात्र निराळीच चमक आली होती. "सर, गैरसमज काढायला टाइम लागतो. इलेक्शन डोक्यावर आलंय. तुम्ही काय बोलू नका, बस्स. जमेल तसा हात वर करा. झकास काम होईल."

सरांनी पुन्हा नकार दिला, मग विचार करतो म्हणाले, मग संध्याकाळी रवळनाथाच्या घुमटीसमोर सभा होती तिथे गेले. घुमटी म्हणजे टेकडीवरच्या लोकांनी गावच्या देवाच्या नावाने बांधलेलं छोटं देऊळ. समोर चौक. चौकात बायकापुरुष दाटीवाटीने बसले होते. सरांनी खिशातून भाषण काढलं, तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक म्हातारबा ओरडला, "म्हाराज, भाषान नको. गाऱ्हाणा घाला!"

सरांनी घाबरून शिवदासकडे पाहिलं.

"सोपं आहे, सर," शिवदास मागून कुजबुजला. "सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागायचं. वाक्य संपलं की 'रे म्हाराजा' म्हणा. पुढचं पब्लिक बघून घेते."

सर रसायनशास्त्राचे प्राध्यापक. देवाकडे त्यांनी आजवर स्वतःसाठीसुद्धा काही मागितलं नव्हतं, जे मागायचं ते अनुदान आयोगाकडे. तरी त्यांनी घसा साफ केला. "हे देवा रवळनाथा, या प्रभागातील जलवितरण व्यवस्था सक्षम होऊ दे रे महाराजा."

"व्हय म्हाराजा!" अख्खा चौक गरजला.

सर दचकले. मग त्यांनी हळूच दुसरं वाक्य टाकून पाहिलं. "घनकचऱ्याचे वर्गीकरण घरोघरी होऊ दे रे महाराजा."

"व्हय म्हाराजा!"

हे सुख काय असतं ते ज्याने कधी सिनेटची बैठक चालवलेली नाही त्याला कळायचं नाही. सरांनी सिनेटमध्ये चहाची वेळ बदलायचा ठराव मांडला होता तेव्हा दोघांनी सभात्याग केला होता आणि एकाने राज्यपालांना पत्र लिहिलं होतं. पाच वर्षांत त्यांच्या एकाही वाक्याला कुणी नुसतं 'हो' म्हटलं नव्हतं. इथे तर वाक्य संपायच्या आत हो येत होता. सरांनी त्या संध्याकाळी पदपथ मागितले, दिवे मागितले, वाचनालय मागितलं, आणि भरात येऊन उच्च शिक्षणातील संशोधनाला चालनाही मागितली. चौकाने सगळ्याला व्हय म्हटलं.

त्यानंतर गैरसमज दूर करण्याची घाई उरली नाही. लोक अडचणी घेऊन येऊ लागले आणि सरांच्या सल्ल्याप्रमाणे खरोखरच वागू लागले, ही गोष्ट विद्यापीठात कुणी सांगितली असती तर त्यांनी विश्वास ठेवला नसता. एका बाईने दारुड्या नवऱ्याला पुढ्यात आणून बसवलं. सरांनी त्याला अल्कोहोलचं यकृतात काय होतं ते रासायनिक नावांसकट सांगितलं. त्याला ते मंत्र वाटले. तो इतका घाबरला की आठवडाभर सरबतसुद्धा प्यायला नाही.

मुलुंडला पद्मजाबाईंना न्हाणीघरातून 'रे महाराजा' ऐकू येऊ लागलं. मग शेजारच्या बाईंनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, त्यात लोक आपल्या नवऱ्याच्या पाया पडताहेत.

"घरी आल्यावर तुमच्या पायांवर पाणी घालायचं, की ते तीर्थ म्हणून प्यायचं?" त्यांनी विचारलं.

"अगं, लोकांची श्रद्धा आहे. तिचा विधायक उपयोग करतोय मी."

"तुम्ही कसले कुलगुरू ते सांगितलंत का त्यांना?"

"योग्य वेळी सांगेन."

"विद्यापीठातही प्रत्येक गोष्टीला हेच उत्तर द्यायचात," पद्मजाबाई म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या. सरांना ते लागलं. पण दुसऱ्या दिवशी चौकात गेल्यावर कुणी पाया पडलं की ते विसरायला होई, हेही खरंच.

मतदानाआधीच्या रविवारी सकाळी घुमटीसमोर शेवटची सभा होती. त्या सभेचं महत्त्व शिवदासने सरांना टेकडीच्या पायऱ्या चढतानाच सांगून ठेवलं. "आज शेवंती राऊळ येणार. तिचं भजनी मंडळ आहे, डब्यांचा धंदा आहे, टेकडीवरच्या अर्ध्या बायका तिचं ऐकतात. ती म्हणेल तिथे बटण दाबलं जातं. ती जे विचारेल त्याला गोड बोला आणि उठा."

शेवंतीबाई पुढे आल्या. अंगाने आडव्या, आवाजाने उभ्या. पाया पडल्या, आणि तिथेच बसकण मारून म्हणाल्या, "म्हाराज, माका कौल होयो."

कौल म्हणजे देवाला लावतात तो. देवाच्या अंगावर कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी पडली तर व्हय, डावी पडली तर नाय. निवडणुकीतला जनतेचा कौल एवढाच सरांना माहीत होता, आणि तो आपल्याला मिळायचा असतो, द्यायचा नसतो, अशी त्यांची समजूत होती.

"कशाबद्दल?" त्यांनी विचारलं.

"माझा चेडू अक्षता बी. कॉम. झाला," शेवंतीबाई लेकीबद्दल सांगू लागल्या. "बँकेत नोकरी लागली. बँकवाले म्हणाले, मार्कशीट आणून दे. मार्कशीट इलीच नाय. सगळ्यांचे निकाल लागले, माझ्या चेडवाचो तेवढो अडाकलो. नोकरी गेली. वर्स झाला, घरात बसान आसा. म्हाराज, ही करणी हा. कोणी केल्यान ता माका ठावक आसा, पण माका तुमच्या तोंडान आयकूचा हा." आणि त्यांनी मान वळवून बायकांच्या घोळक्यात एका जागी नजर रोखली.

तिथे त्यांची जाऊ माणिक बसली होती. दोघींच्या खोल्यांना भिंत एक, मसाला दरवर्षी एकत्र कुटायच्या, गणपतीला एकाच गाडीने गावी जायच्या. अक्षताच्या नोकरीचे पेढे वाटले त्या दिवशी माणिक म्हणाली होती, "आमच्या पोरीक असा कधी होतला?" तेवढ्यावरून शेवंतीबाईंच्या डोक्यात किडा शिरला. वर्षभर बोलणं नव्हतं. सामाईक ओटीवर मधोमध पत्रा उभा राहिला होता. बाकीच्या बायकाही माणिककडे हळदीकुंकवाला जाताना आताशा विचार करू लागल्या होत्या.

"बोलतस कित्याक आडून?" माणिक उठून उभी राहिली. "घे माझा नाव! सगळ्यांदेखत घे!" शब्द तिखट होते, पण हातातला पदर तिने मुठीत आवळून धरला होता.

"म्हाराज सांगतले," शेवंतीबाई म्हणाल्या. "उजवो हात वर केल्यात तर तीच, डावो केल्यात तर ती नाय."

सर पुढे वाकले. "कुठल्या विद्यापीठाचा निकाल?" त्यांनी विचारलं.

उत्तर मागून आलं. चौकाच्या कडेला हाताची घडी घालून एक मुलगी उभी होती. "साष्टी विद्यापीठ, सर," अक्षता म्हणाली. टेकडीवर त्यांना सर म्हणणारी शिवदासनंतरची ती पहिलीच. "मराठी मार्कशीटवालं वर्ष. परत छापल्या त्यात आमचा गठ्ठा राहिला. खिडकीवर विचारलं की सांगतात, छपाई प्रक्रियेत आहे. आईला मी लाख वेळा सांगितलं. तिला करणीच पाहिजे."

हे कुणामुळे झालं ते अक्षताला ठाऊक होतं. तिच्या नजरेवरून सरांना ते तत्काळ कळलं. ती काही बोलणार नव्हती, फक्त बघणार होती.

"सर," शिवदास मागून कानाशी आला, "'देव बघून घेईल' म्हणा आणि संपवा. कोणाचं नाव नको. प्लीज."

ते सहज जमण्यासारखं होतं. पण 'देव बघून घेईल' म्हटलं की शेवंतीबाई ते माणिकवरच घेणार आणि ओटीवरचा पत्रा जन्मभर तिथेच राहणार, हे न कळण्याइतके सर भोळे नव्हते. त्यांना निरोपसमारंभातलं आपलं वाक्य आठवलं आणि त्याची मनापासून लाज वाटली. निकाल कपाटात होते तेव्हा त्यांना आकडे कळवले जात होते, त्या आकड्यांत ही मुलगी कुठेतरी होती. आणि या माणिकचा तर आकड्यांतही पत्ता नव्हता. तिने कुणाचं काहीही केलं नव्हतं आणि वर्षभर ती चेटकीण म्हणून शेजारी राहत होती.

सरांनी दोन्ही हात खाली ठेवले.

"करणी झालेली आहे," ते म्हणाले.

माणिकने डोळे मिटले.

"ती करणी मी केली आहे. या मुलीचा निकाल मी अडवला."

कुणाला काही उमजेना. मग मागच्या रांगेतला कानाने अधू म्हातारबा, वाक्य संपलं एवढंच पाहून, सवयीने ओरडला, "व्हय म्हाराजा!"

आणि आठवडाभर तालीम झालेला अख्खा चौक त्याच्या मागोमाग गरजला, "व्हय म्हाराजा!"

शिवदास एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसला. "वाट लागली," तो स्वतःशीच म्हणाला.

सरांनी मग सगळं सांगितलं. आपण कुणाच्या कुळाचे गुरू नाही, विद्यापीठाच्या मुख्य अधिकाऱ्याला मराठीत कुलगुरू म्हणतात. आपण तो होतो. गुणपत्रिकेवर त्या शब्दातला रू चुकला म्हणून आपण सगळ्या परत पाठवल्या. इथवर आल्यावर त्यांना राहवेना आणि ते ऱ्हस्व-दीर्घाचा नियम सांगू लागले.

"म्हणजे काय केल्यानी ह्येनी?" शेवंतीबाईंनी लेकीला विचारलं.

"'रु'ची शेपटी आखूड होती, आई. यांना लांब पाहिजे होती."

शेवंतीबाई उठल्या. त्यांना उठायला वेळ लागला, पण सगळ्यांनी वाट पाहिली. "एका शेपटेपायी? एवढ्याश्या शेपटेपायी माझ्या चेडवाची नोकरी गेली?"

"आणि माका वर्सभर करणीवाली ठरवलंस गे!" माणिक पुढे धावली. "शेपटेपायी!"

"माका काय ठावक? हो मास्तर असलो निघतलो म्हणान!"

"आणि वर हात करून उभो रवता, बघ कसो!"

म्हाराजांचा मास्तर झाला होता. दोघी जावा खांद्याला खांदा लावून त्यांना झापू लागल्या. एक थांबली की दुसरी सुरू, एकीला शब्द सुचला नाही तर दुसरी पुरवी. त्यांच्या शिक्षणावर बोलून झालं, मग वयावर, मग त्यांच्या बायकोच्या नशिबावर. वर्षभरात त्या एकमेकींशी पहिल्यांदाच बोलत होत्या, आणि हे टेकडीवरच्या सगळ्यांच्या लक्षात आलं तरी त्या दोघींच्या आलं नव्हतं. सर मान खाली घालून ऐकत होते. त्यांना वाईट वाटत होतं आणि हलकंही वाटत होतं.

दम लागल्यावर शेवंतीबाई म्हणाल्या, "मताचा रवांदे. मार्कशीट कोण आणून देतलो?"

"मी."

"कधी?"

"योग्य त्या..." सरांनी जीभ चावली. "तुम्ही म्हणाल तेव्हा."

शेवंतीबाईंनी डब्यांचा हिशेब जमवून शुक्रवार सांगितला. "सर, शुक्रवारी मोजणी आहे!" शिवदास कळवळला. मोजणी आपल्यावाचून अडत नाही, असं सरांनी त्याला सांगितलं. घरी गेल्यावर पद्मजाबाईंना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी सरांना दुसऱ्यांदा आमटी वाढली. लग्नानंतर इतक्या वर्षांत ही शाबासकी सरांना क्वचितच मिळाली होती.

शुक्रवारी विक्रोळीहून बोरिवलीला जाणाऱ्या बसमध्ये चौघं होती. अक्षता खिडकीशी, तिच्याजवळ आई, समोर माणिक मांडीवर चपात्यांचा डबा घेऊन, आणि सर दांड्याला धरून उभे. तिथे विद्यापीठाच्या परीक्षा विभागाच्या खिडकीवर रांग होती. सर रांगेत उभे राहिले. या इमारतीचं उद्‌घाटन त्यांनी केलं होतं, पण रांग कुठून सुरू होते हे त्यांना एका विद्यार्थ्याला विचारावं लागलं.

खिडकीतल्या तरुण कारकुनाने मान वर केली नाही. "राखीव निकाल फक्त मंगळवारी."

"असा नियम कोणी केला?"

"परिपत्रक आहे. मागच्या कुलगुरूंचं. कोण ते टिपणीस."

"मीच तो. माजी कुलगुरू."

"माजी विद्यार्थ्यांची खिडकी पलीकडे आहे, काका."

मागे माणिकला हसू फुटलं आणि तिने डब्याआड तोंड लपवलं. सरांनी चष्मा पुसला. "हे बघा, त्या परिपत्रकाचं शेवटचं कलम वाचा. 'अपवादात्मक परिस्थितीत, उमेदवार स्वतः उपस्थित असल्यास, कोणत्याही कार्यदिवशी.' वाचा तुम्ही."

कारकुनाने कंटाळून परिपत्रक उघडलं. शेवटपर्यंत ते बहुधा आजवर कुणी वाचलं नव्हतं. "आहे खरं," तो म्हणाला. "तुम्हाला कसं माहीत?"

"लिहिणाऱ्याला माहीत असतं. एकदा तरी उपयोगी पडू दे ते."

कारकुनाने पहिल्यांदा वर पाहिलं, मग भिंतीवर ओळीने लावलेल्या माजी कुलगुरूंच्या तसबिरींकडे, मग पुन्हा खिडकीकडे. मग तो उठून आत गेला. बराच वेळ गेला. माणिकने डबा उघडला, चौघांनी रांगेतच चपाती-भाजी खाल्ली. शेवंतीबाईंनी सरांना दिली ती न बोलता दिली, पण लोणचं वाढून दिली. ते संपत आलं तेव्हा कारकून एक कागद हातात घेऊन आला आणि त्याने अक्षताचं नाव श्रेणीसकट पुकारलं.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. पलीकडे शिवदास होता, मागे ढोलताशे होते, आणि ते आपल्या बाजूचे नव्हते.

"सर, निकाल लागला!"

"लागला, शिवदास, लागला! फर्स्ट क्लास!"

"सर, कसला फर्स्ट क्लास? डिपॉझिट गेलं आपलं!"

सरांचं तिकडे लक्ष नव्हतं. अक्षता खिडकीपासून दूर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. गुणपत्रिका शेवंतीबाईंच्या हातात होती. त्यांना ती वाचता येत नव्हती असं नाही, पण डोळे भरल्यामुळे अक्षरं दिसेनात, म्हणून त्यांनी ती माणिकच्या हातात दिली आणि माणिक एकेक विषय मोठ्याने वाचू लागली. सगळी रांग ऐकत होती.

वाचून झाल्यावर माणिकने सरांकडे पाहिलं. "पडलात काय, मास्तर?"

"पडलो."

"मी तुमकाच दिलंय हा मत. चार लोकांत माझा नाव साफ केल्यात म्हणान."

"मी नाय दिलंय," शेवंतीबाई नाक पुसत म्हणाल्या. "खोटा कशाक सांगू? चेडवाचा वर्स गेला ता गेला."

"बरोबर केलंत," सर म्हणाले, आणि ते त्यांना मनापासून पटलेलं होतं.

"हॅलो? सर?" फोनमधून शिवदास ओरडत होता. "कोणाशी बोलताय?"

"मतदारांशी," सर म्हणाले. "नंतर फोन कर."